बॉनेटखालची वंशावळ

१९६३ साली जनरल मोटर्सच्या मिलफर्ड येथील चाचणी-मैदानावर पाँटियाक विभागाचे तीन अभियंते एका गाडीखाली उभे होते. गाडी लिफ्टवर चढवलेली, पुढच्या वर्षी बाजारात यायची ‘टेम्पेस्ट’. तिघे म्हणजे जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रसेल जी. बोलता बोलता कॉलिन्सच्या लक्षात आले, की या मध्यम आकाराच्या गाडीत जे ३२६ घनइंचांचे इंजिन बसते आहे, त्याची बाहेरची मापे आणि माउंट पाँटियाकच्या मोठ्या गाड्यांमधल्या ३८९ घनइंची इंजिनासारखेच आहेत. म्हणजे हे काढून ते ठेवायचे तर फारसे काही कापावे-जोडावे लागणार नाही. डिलोरियनने मान डोलावली. काही दिवसांतच अदलाबदल केलेली गाडी तयार झाली, आणि तिच्यात बसून परतलेला जो तो चावी परत द्यायला कुरकुर करू लागला.

ही हकिकत अमेरिकी मोटारींच्या इतिहासात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की तिच्यातला मुद्दा झिजून गेला आहे. ‘मसल कार’ म्हणून जो प्रकार आज संग्रहालयात दोरीपलीकडे ठेवला जातो, ज्याच्या इंजिनावरचा ठोकलेला आकडा चासीवरच्या आकड्याशी जुळतो की नाही हे भिंग लावून पाहिले जाते, त्या प्रकाराचा जन्मच मुळी इंजिन-बदलातून झाला. एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत. आज अमेरिकेत एखादा हौशी माणूस १९६९ च्या कॅमेरोमधून जुने इंजिन उपसून काढतो, भंगारातल्या पिकअप ट्रकचे इंजिन आत उतरवतो आणि त्याला दोन टर्बो लावतो, तेव्हा सनातनी मंडळी ‘भ्रष्टाकार’ म्हणून ओरडतात. त्यांचा आक्षेप खरा किती आणि खोटा किती, हे तपासण्यासाठी मी या विषयाच्या मागे लागलो. मी अभियंता नाही. कागद वाचत आणि गॅरेजमध्ये उभे राहून जे शिकलो तेवढीच माझी पुंजी.

पाँटियाकच्या गोष्टीतला पुढचा भाग अधिक मजेदार आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा हुकूम दिला होता. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा कंपनीचा दंडक होता. डिलोरियन आणि त्याचा वरिष्ठ पीट एस्टेस यांनी यातून पळवाट काढली ती अशी : दंडक नव्या ‘मॉडेल’ला लागू आहे ना, मग आपण मॉडेल काढायचेच नाही. टेम्पेस्ट ल मान्स या चालू गाडीवर ज्यादा पैसे देऊन घेता येणारी एक ‘सोय’ म्हणून ३८९ चे इंजिन द्यायचे. किंमत सुमारे ३०० डॉलर. नाव फेरारीकडून उचललेले, जीटीओ. विक्री विभागाला वाटले पाच हजार गाड्या खपल्या तरी खूप झाले. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या. वरिष्ठांना नियमभंगाची आठवण झाली तोवर नफा दिसू लागला होता, आणि नफ्यापुढे दंडक कुठे टिकतो?

त्यावर कळस म्हणजे मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने छापलेली चाचणी. पाँटियाकची जीटीओ आणि फेरारीची जीटीओ यांची ती गाजलेली तुलना. फेरारी प्रत्यक्षात हाताशी नव्हतीच, हे एक. पण पाँटियाकने शून्य ते साठ मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याचे त्यात छापले आणि देशभर खळबळ उडाली. अनेक वर्षांनी पाँटियाकच्या जाहिरातींचे काम पाहणारा जिम वँगर्स याने कबूल केले, की त्या गाडीत ३८९ नव्हतेच. रॉयल पाँटियाक या विक्रेत्याच्या गॅरेजात तयार केलेले ४२१ घनइंचांचे इंजिन गुपचूप बसवून ती पाठवली होती. दोन्ही इंजिने बाहेरून जवळजवळ सारखीच दिसत, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. म्हणजे मसल कारची कीर्ती ज्या आकड्यावर उभी राहिली, तो आकडाही इंजिन-बदलाचाच. आणि त्या गाडीला ब्रेक होते चारही चाकांना ड्रमचे. पळण्याची सोय होती, थांबण्याची फारशी नव्हती.

पाँटियाकच्या अभियंत्यांना हे सुचले ते आकाशातून नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड उतरवून, १९३२ पासून निघालेले फोर्डचे व्ही-८ इंजिन त्यात घालून, म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर पळवत होती. १९३७ मध्ये त्यांची संघटनाही झाली. १९४९ मध्ये कॅडिलॅकने डोक्यात वाल्व असलेले ३३१ घनइंचांचे नवे व्ही-८ काढले, तर लगेच बिल फ्रिक नावाच्या न्यूयॉर्ककडच्या कारागिराने ते फोर्डमध्ये बसवले आणि जोडनावही दिले, ‘फोर्डिलॅक’. पुढे स्टुडबेकरमध्ये बसवले, ती ‘स्टुडिलॅक’. १९५५ मध्ये एड कोल याच्या हाताखाली शेव्हरोलेचे २६५ घनइंची ‘स्मॉल ब्लॉक’ आले. आटोपशीर, हलके, स्वस्त आणि भंगारात मुबलक. त्यानंतर अमेरिकेत जे काही चार चाकांवर उभे होते त्यात कुणी ना कुणी हे इंजिन बसवून पाहिले असेल.

आता टर्बोकडे वळू. इंजिनात जळलेल्या इंधनातली साधारण एक-तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. त्या धुराने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला पंख्यासारखे दुसरे चक्र असावे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याची. त्याचे पेटंट १९०५ चे. हवा जास्त गेली की त्या प्रमाणात इंधन जास्त जाळता येते. इंजिन तेवढेच, ताकद अधिक. मात्र या कल्पनेला मोल आले ते विमानामुळे, कारण उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स शिखरावर नेले. उंची १४,१०९ फूट. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर टर्बोविना २३० च्या आसपास आले. टर्बो लावल्यावर ३५६ वर गेले. डोंगरमाथ्यावर मिळवलेली ही सहा जादा अश्वशक्ती मला मोटारींच्या इतिहासातल्या कुठल्याही विक्रमाहून मोठी वाटते.

त्याच परंपरेतून दुसऱ्या महायुद्धातली बी-१७ आणि पी-३८ ही टर्बोची विमाने आली. युद्ध संपल्यावर त्यांचे सामान कवडीमोलाने विकले जाऊ लागले, तेव्हा बिल बर्क नावाच्या शर्यतबाजाने विमानाच्या पोटाखाली लावायची थेंबाच्या आकाराची इंधनटाकी विकत घेतली आणि तिची गाडी केली. आधी पी-५१ ची लहान टाकी, मग पी-३८ ची मोठी. टाकीत माणूस, मागे फोर्डचे इंजिन. बोनव्हिलच्या मिठागरावर या ‘टाक्या’ अनेक वर्षे धावल्या. टाकी आली, टर्बो मात्र विमानातच राहिले. ते जमिनीवर उतरायला आणखी थोडा काळ जावा लागला.

उतरले ते आधी ट्रॅक्टरवर आणि डिझेलवर. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीने टर्बो लावलेली डिझेल गाडी आणली. तिथे टर्बो प्रथमच आले होते. फ्रेड अॅगाबेशियनने ती हाकून सर्वांच्या पुढची जागा पटकावली. शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर ती बाहेर पडली, कारण टर्बोचे हवा ओढायचे तोंड नाकाशी खाली होते आणि त्यात रस्त्यावरच्या रबराचा चुरा जाऊन बसला. हीच कंपनी पुढे १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

त्याच १९६२ साली जनरल मोटर्सने प्रवासी गाडीत टर्बो देऊन पाहिले. दोन गाड्या : शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर. जेटफायर मला फार जवळची वाटते, कारण ती हुशार होती आणि तिच्या मालकांना ते कळले नाही. २१५ घनइंचांचे अॅल्युमिनियमचे व्ही-८ आणि २१५ अश्वशक्ती, म्हणजे घनइंचाला एक. पण दाबलेली हवा तापते, तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकते आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा ठोका पडतो. उपाय म्हणून तिच्यात पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जाई. त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव होते. टाकी रिकामी झाली की गाडी आपोआप टर्बोचा दाब कमी करी. लोकांनी टाकी भरलीच नाही; गाडी मंद झाली म्हणून तक्रारी मात्र केल्या. दोन वर्षांत दहा हजारही गाड्या निघाल्या नाहीत, आणि १९६५ मध्ये कंपनीने स्वतःच मालकांना बोलावून टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. बहुतेकांनी तो बसवून घेतला.

त्यानंतर टर्बोची गरजच कुणाला उरली नाही. पेट्रोल स्वस्त होते आणि ताकद हवी तर इंजिन मोठे करावे, हा सरळ हिशेब होता. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा विक्रेता डॉन येन्को १९६७ पासून कॅमेरोमधली इंजिने काढून ४२७ घनइंची बसवून विकू लागला. पुढे १९६९ मध्ये कारखान्यालाच तसे करून द्यायला लावले. तिथेही कंपनीचा ४०० घनइंचांचा दंडक होता आणि तिथेही पळवाट होती, टॅक्सी-ट्रकच्या खास मागण्यांसाठी राखलेला ऑर्डरचा फॉर्म. १९७० मध्ये दंडक उठला आणि शेव्हेल एसएसमध्ये ४५४ घनइंच, ४५० अश्वशक्ती आली. तो कळस. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले होतेच. १९७१ मध्ये शिशाविना पेट्रोल चालावे म्हणून कंपनीने इंजिनांचा दाब उतरवला, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले, आणि बाकीचे सर्वांना ठाऊक आहे.

मग जे घडले त्याला नियतीचा विनोद म्हणावे. जेटफायरमधले २१५ चे अॅल्युमिनियम इंजिन मुळात ब्युइकच्या आराखड्याचे. ते नको म्हणून जनरल मोटर्सने त्याचे हक्क ब्रिटनच्या रोव्हरला विकले. रेंज रोव्हरमध्ये ते पुढे कित्येक दशके चालले. त्याच इंजिनापासून ब्युइकने दोन सिलिंडर कमी करून लोखंडी व्ही-६ केले होते. तेही नको म्हणून त्याची यंत्रसामग्री १९६७ मध्ये जीप बनवणाऱ्या कैसरला विकली. तेलटंचाई येताच १९७४ मध्ये जनरल मोटर्सने तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली. १९७८ मध्ये त्या व्ही-६ ला टर्बो लागला, आणि १९८७ मध्ये त्यातून ब्युइक जीएनएक्स ही काळीकुट्ट गाडी निघाली. फक्त ५४७ निघाल्या. घरातून घालवलेली पोर परत आणून तिलाच कर्ती करावे, तसा हा प्रकार. दोन टर्बोंचा प्रयोगही त्याच सुमारास प्रतिष्ठित झाला. कनेक्टिकटमधल्या रीव्ह्ज कॅलवेच्या कारखान्यात कॉर्व्हेटना जोडटर्बो बसू लागले, तेही शेव्हरोलेच्या विक्रेत्याकडे रीतसर मागणी नोंदवून. २६ ऑक्टोबर १९८८ रोजी त्याची ‘स्लेजहॅमर’ ओहायोतल्या चाचणी-मार्गावर ताशी २५४.७६ मैल धावली. चालक जॉन लिंगेनफेल्टर.

आजचा इंजिन-बदल ज्यावर उभा आहे ते इंजिन १९९७ च्या कॉर्व्हेटमधून आले : एलएस-१, ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती. त्याची लोखंडी भावंडे १९९९ पासून पिकअप ट्रकमध्ये लाखांनी बसली. त्यातले ५.३ लिटरचे आज भंगारवाल्याकडे हमखास मिळते. हौशी माणसाला ते का आवडते? क्रँकशाफ्टच्या प्रत्येक बेअरिंगची टोपी सहा बोल्टांनी आवळलेली असते, हेडमधून हवा मोकळी वाहते, आणि कॅमशाफ्ट पोटातच असल्याने सगळे इंजिन बुटके राहते. १९६९ च्या कॅमेरोच्या बॉनेटखाली ते नीट मावते.

मावते म्हणजे बसते असे नव्हे. माउंटला पट्ट्या कराव्या लागतात. ट्रकचे ऑइल चेंबर खोल असते, ते पुढच्या आडव्या बीमवर आपटते, म्हणून वेगळे लावावे लागते. मग टर्बो. दोन का, तर व्ही-८ ला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडून धूर येतो. प्रत्येक बाजूला एक छोटा टर्बो लावला की नळ्या आखूड राहतात, आणि लहान चक्र लवकर वेग घेते. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्यावरून जाणारा धूर आठ-नऊशे अंशांचा असतो. त्याच्या बेअरिंगला इंजिनाचे तेल लागते, आणि ते तेल परत चेंबरमध्ये यायला फक्त उतार असतो. टर्बो सोयीसाठी खाली लावला की तेल मागे तुंबते आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. पहिल्यांदा हे काम करणारे जवळजवळ सगळे इथे फसतात.

हवा एका वातावरणाच्या दाबाने दाबली की साधारण १२० अंशांवर जाते. जेटफायरच्या काळी तिला पाण्याने विझवत. आता रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर लावतात. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून जादा धुराला बाहेर काढणारी वेस्टगेट, मोठा पेट्रोल पंप, मोठे इंजेक्टर, आणि हे सगळे सांभाळणारा संगणक. सर्वांत बारीक काम मात्र रिंगांचे. पिस्टनच्या रिंगेला जो काप असतो, तो टर्बोच्या उष्णतेने मिटतो. दोन टोके एकमेकांना भिडली की रिंग पिस्टनची कड फोडते. म्हणून इंजिन उघडून तो काप कानशीने घासून किंचित वाढवायचा. केसाच्या जाडीचा प्रश्न, पण हजार अश्वशक्ती त्यावर टांगलेली असते.

आणि ही ताकद पेलायला बाकीची गाडी कुठे आहे? पहिल्या पिढीच्या कॅमेरोला पूर्ण चासी नाही. पुढे एक सांगाडा, मागे नुसता पत्रा आणि पाटे. मध्ये जोडपट्ट्या वेल्ड केल्या नाहीत तर ती पिळवटते. गिअरबॉक्स बदलतो, मागचे हाउसिंग बदलते, अनेकजण ते फोर्डचे नऊ इंची घालतात. ब्रेक बदलतात, आणि हा बदल तर १९६४ मध्येच व्हायला हवा होता. शेवटी मूळ गाडीचे उरते काय? आकार, काचा, दारांचा आवाज.

सनातन्यांचा आक्षेप इथे मला टोचतो. ज्या गाडीत मूळ इंजिन शाबूत आहे, कारखान्याची कागदपत्रे आहेत, ती कापू नये. तो पुरावा आहे, आणि पुरावा एकदाच नष्ट करता येतो. कायद्याचा मुद्दाही सरळ नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची चाचणी माफ आहे. म्हणजे ही सगळी कारागिरी पुन्हा एका पळवाटेवरच उभी आहे. नवे इंजिन इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरमुळे जुन्या कार्ब्युरेटरपेक्षा इंधन नेमके जाळू शकते, हे खरे. पण हजार अश्वशक्ती लावणारा माणूस ती हवा स्वच्छ व्हावी म्हणून लावत नाही, हेही खरे. माझे मत असे, की इंजिन हरवलेला, कुंपणाकडेला गंजत पडलेला सांगाडा उचलून कुणी त्यात हे करत असेल, तर तो डिलोरियनचाच वारस आहे.

या मताला मी पुस्तकातून आलो नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला डॉज-प्लिमथ जोडल्या. पुढे सुटे भाग मिळेनात, पेट्रोल परवडेना, तेव्हा आपल्याकडे या अमेरिकी गाड्यांना सर्रास डिझेल इंजिने बसली. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गॅरेजात मी शाळकरी वयात अशी डॉज पाहिली होती. बॉनेट उघडे, आत टेम्पोचे इंजिन, लेथवर कातलेल्या माउंटवर बसवलेले. मी शहाणपणाने म्हणालो, “पण काका, आता ही खरी डॉज राहिली न्हाई.” मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले, “पोरा, गाडी चालाय पायजे. नुसती पुसून ठेवायची आसंल तर देव्हाऱ्यात ठेव की.” मला राग आला होता, कारण उत्तर सुचले नव्हते.

येन्कोने बदललेल्या कॅमेरो आज अमेरिकेतल्या लिलावांत लाखो डॉलरला जातात. त्या गाड्यांची पारख करणारे तज्ज्ञ बॉनेट उघडून तपासतात, की हे परके ४२७ इंजिन येन्कोनेच बसवलेले आहे ना, की मागाहून कुणी बदलले. तिथे अस्सल म्हणजे तोच जुना बदल. आणि दोन टर्बो लावणारे शहाणे लोकही काढलेले मूळ इंजिन भंगारात देत नाहीत. त्याला तेल चोळतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर ठेवून देतात. गाडी विकायची वेळ आली की ते आकड्यासकट गाडीबरोबर जाते.